लढाई बिनविरोध

रविवारी सकाळी दहा ते एक या वेळात सुजयला एक राज्य वाचवायचं होतं, आणि नेमकं त्याच वेळी चेतनाच्या मामांना पानिपत बघायला निघायचं होतं.

राज्य गेममधलं होतं. पण म्हणून ते कमी महत्त्वाचं, असं सुजयला कुणी पटवून देऊ शकलं नसतं. चाळिशीला टेकलेला हा गृहस्थ मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी मॅनेजर होता. गुरुग्राममधल्या सोसायटीतून सकाळी कंपनीच्या बसने निघायचं, टोलनाक्याच्या रांगेत निम्मं आयुष्य काढायचं आणि अंधार पडल्यावर परत यायचं, असा त्याचा दिनक्रम. या धबडग्यातही आपण स्वतःसाठी वेळ काढतो याचा त्याला भारी अभिमान. ऑफिसातल्या नव्या पोरांना तो वेळेच्या नियोजनावर व्याख्यान द्यायचा. पोरं ते मन लावून ऐकायची, कारण व्याख्यान ऑफिसच्या वेळेत असायचं.

त्याच्या फोनमधल्या कॅलेंडरात प्रत्येक गोष्टीला रंग होता. वैभवीचं, म्हणजे लेकीचं, स्केटिंग पिवळं, आईला फोन हिरवा, सोसायटीची मीटिंग करडी. आणि जांभळ्या रंगात लिहिलेलं असायचं 'व्हेंडर डेव्हलपमेंट'. एकदा चेतनाने विचारलंही, "हा कोण व्हेंडर आहे रे, दोन महिने झाले तरी डेव्हलप होत नाहीये?" सुजय म्हणाला, "छोटी पार्टी आहे यार, हळूहळू होईल." चेतनाने पुढे काही विचारलं नाही. व्हेंडर डेव्हलपमेंटच्या वेळी बेडरूममधून तलवारींचा खणखणाट यायचा, आणि तिचे कान शाबूत होते.

कॉलेजात असताना सुजय शंभर-शंभर तासांचे गेम खेळला होता. आता त्याचं तत्त्वज्ञान बदललं होतं. "लांब गेम म्हणजे बिनलग्नाच्या माणसाचे चोचले," तो सांगायचा. "संसारी माणसाने छोटा गेम घ्यावा. पाचसहा तासांचा. उत्तम गोष्ट, मोजकी पात्रं, आपण नायक व्हायचं, चार निर्णय घ्यायचे, शेवट बघायचा, मोकळं व्हायचं." असा पाचसहा तासांचा एक गेम त्याने दिवाळीत घेतला होता. आता संक्रांत होऊन गेली होती आणि तो अजून मोकळा व्हायचा होता.

गेम होता मोठा झकास. एक म्हातारा राजा, एक कपटी वजीर, तुरुंगात खितपत पडलेला सेनापती आणि या सगळ्यांत सापडलेला एक साधा शिपाई. शिपायाचं नाव आपण ठेवायचं असतं. सुजयने ते फार विचार करून 'सुजय' ठेवलं होतं. गेमची गंमत अशी की शिपाई सुरुवातीपासून एकदाही खोटं बोलला नाही, तर त्याच्या नावापुढे सोनेरी अक्षरांत 'सत्यवचनी' अशा अर्थाची पदवी झळकायची आणि अशा नायकासाठी एक वेगळाच, दुर्मीळ शेवट राखून ठेवलेला होता. सुजयने ती पदवी जिवापाड जपली होती. गेममध्ये त्याने चोराला खरं सांगितलं, चेटकिणीला खरं सांगितलं, दोनदा मार खाल्ला, पण शब्द मोडला नाही. गेममध्ये एकदाही खोटं न बोललेला हा माणूस गेम खेळायला वेळ मिळावा म्हणून मात्र रोज न चुकता खोटं बोलत होता, आणि यात काही विसंगती आहे असं त्याच्या कधी मनातही आलं नाही.

आता फक्त शेवटचा अध्याय उरला होता. घोटाळा असा की त्या अध्यायात मध्ये थांबायची सोय नव्हती. सलग तीन तास काढा, नाहीतर अध्याय पहिल्यापासून. सुजयने बसमध्ये प्रयत्न करून पाहिला, तर शेजारच्या सीटवरचा राजवीर त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवून म्हणाला, "भाई, ये कौनसा लूडो है?" आणि सगळा अध्याय समजावून सांगता सांगता मानेसर आलं. पुण्याचा मित्र परीक्षित तो गेम केव्हाच संपवून बसला होता. त्याचे रोज मेसेज यायचे, "शेवट पाहिलास का? रडलो यार." सुजयला वाटायचं, या वयात माणसाला मनासारखं रडायला तीन तास मिळू नयेत, म्हणजे काय जगणं झालं!

अशा वेळी संपतराव आणि हौसाबाई आले.

दिल्लीतल्या मराठी माणसाचं घर म्हणजे कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात खोली न मिळालेल्यांचं सदन असतं. मग ते घर दिल्लीत नसून गुरुग्रामला का असेना, गावाकडे ते दिल्लीतच धरतात. संपतराव हे चेतनाचे सख्खे मामा, वाळव्याकडचे. साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर त्यांची हयात गेली. त्या काळात पॅनेलं बदलली, चेअरमन बदलले, एकदा तर कारखान्याचं नाव बदललं, पण संपतराव संचालकच राहिले. दुसरा गुण म्हणजे भाषण. चार माणसं एका जागी दिसली की त्यांच्या घशात 'उपस्थित बंधू आणि भगिनींनो' दाटून यायचं. येताना निजामुद्दीन स्टेशनवर हमाल ठरवताना त्यांनी एक छोटं भाषण केलं होतं, आणि हमालांनी टाळ्या वाजवून दर वाढवला होता.

हौसाबाई अगदी उलट. चार शब्दांत काम भागत असेल तर त्या पाचवा वापरत नसत. दिल्लीत त्यांना लाल किल्ला बघायचा नव्हता, मॉल बघायचा नव्हता. "पानपत तेवढं दाखवा," एवढंच त्या आल्या दिवशी म्हणाल्या होत्या.

"रविवारी जाऊ!" संपतरावांनी जेवताना जाहीर केलं. "सकाळी धा वाजता निघायचं. काला अंबला जायाचं, दोन शब्द बोलायचं, परत यायचं. काय जावईबापू?"

सुजयने मनातल्या मनात कॅलेंडर उघडलं. रविवार, दहा ते एक. वैभवीचं स्केटिंग रद्द, मोलकरीण सुट्टीवर, पूर्ण तीन तास जांभळे. असा योग दोन महिन्यांनी जुळून आला होता.

"मामा, रविवारी माझं ऑडिट आहे," तो बोलून गेला. "ऑनलाइन. जपानी कस्टमर आहेत, बिल्कुल टाळता येणार नाही."

"रविवारी?" हौसाबाईंनी भाकरी मोडता मोडता विचारलं. "जपानात रविवार नसतो व्हय?"

"असतो मामी. पण ते पाळत नाहीत."

"म्हणून तर देश पुढं गेला!" संपतराव गहिवरले. "हरकत न्हाई. तुमचं आटपलं की निघू. एक वाजता काय आन् धा वाजता काय, पानपत कुटं पळून जातंय?"

चेतनाने सुजयकडे एकदाच पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. पण माहेरच्या माणसांसमोर नवऱ्याची अब्रू काढायची नसते. ती नंतर, सवडीने काढायची असते.

रविवारी सुजयने वर इस्त्रीचा शर्ट आणि टाय चढवला, खाली लोकरीची ट्रॅकपँट तशीच ठेवली, बेडरूमचं दार लोटून घेतलं आणि राज्य वाचवायला बसला. दाराला कडी नव्हती. वैभवी लहानपणी आत अडकली होती तेव्हा काढली, ती पुन्हा बसवण्याचं काम कॅलेंडरात करड्या रंगात अजून तसंच पडलं होतं. बाहेर संशय नको म्हणून तो मधूनमधून मोठ्याने बोलत होता. "येस सर!" पडद्यावर गुहेचं दार उघडलं. "वी विल टेक काउंटरमेझर सर!" अस्वल मेलं. "मंडेपर्यंत क्लोज करतो सर!"

इकडे हॉलमध्ये संपतरावांच्या अंगात आलं. जावयाची नोकरी पणाला लागलीय आणि आपण नुसतं बसायचं, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. आधी त्यांनी कुकरची शिट्टी काढून ठेवायला लावली. मग दाराची घंटा बंद केली. मग ते खाली उतरले, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना हाकललं, माळ्याचं गवत कापायचं मशीन थांबवलं आणि गेटवरच्या गार्डला सांगितलं, "ऊपर जपान के साथ मीटिंग चालू है. सोसायटी में आवाज नहीं मंगता." गार्डने जपान हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा गंभीरपणे घेतला आणि तडक सोसायटीच्या अध्यक्षांना इंटरकॉम लावला.

अध्यक्ष उदयसिंह पंधरा मिनिटांत वर हजर झाले. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये भाच्याचा बायोडाटा.

"भाईसाब, सुना है जापान वाले बैठे हैं?" त्यांनी कुजबुजत विचारलं. "मेरा भांजा है, इंजीनियर. बस एक बार उनके कान में डाल देते..."

"बैठो बैठो," संपतराव मोठ्या मनाने म्हणाले. "ये अपनाच घर है." खरं तर ते घर सुजयचं होतं आणि त्याचा हप्ता अजून बारा वर्षं जायचा होता.

चेतनाने दात-ओठ खात चहा केला. संपतराव आणि उदयसिंह सोफ्यावर बसून, बंद दारामागून येणारा प्रत्येक 'येस सर' कान देऊन ऐकू लागले. उदयसिंह दर वेळी मान डोलवायचे. हौसाबाई खिडकीपाशी लसूण सोलत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती.

आत गोष्ट कळसाला पोचली होती. तुरुंगातला सेनापती निर्दोष होता! राजाच्या प्याल्यात विष कालवणारा दुसरा कुणी नसून ज्याला राजाने लहानाचा मोठा केला तो वजीर होता, आणि सुजयने खांबाआडून ते डोळ्यांनी पाहिलं होतं. सुजयचं रक्त उसळलं. शर्ट, टाय, जपान, मामा, सगळं तो विसरला.

"हरामखोरा!" तो ओरडला. "ज्या ताटात जेवलास त्याच ताटात विष कालवतोस? थांब, तुझी मुंडीच मुरगाळतो!"

हॉलमध्ये संपतरावांचा आणि उदयसिंहांचा कप हवेत थांबला. "भाईसाब, ये... ये गाली थी क्या?"

"नहीं नहीं," खिडकीपाशी बसलेल्या हौसाबाईंकडे एकदा बघून संपतराव उठत म्हणाले, "हमारे में आदर से ऐसाच बोलते." आणि ते धावले. ऐन वेळी माफी मागून सरकारं वाचलेली त्यांनी पाहिली होती, इथे तर नुसती नोकरी होती. दार ढकलून ते आत घुसले, दोन्ही हात जोडले आणि मॉनिटरपुढे कमरेतून वाकले.

"साहेब, पोरगं तापट हाय, पण कामाचं हाय! एक डाव पदरात घ्या!"

मॉनिटरवर वजीर होता. हिरवट चेहरा, काळं पागोटं, खांद्यावर कावळा. संपतरावांनी हळूहळू मान वर केली.

"हे जपानी?"

"हो," सुजय म्हणाला. "म्हणजे... नाही मामा."

संपतरावांनी कावळ्याकडे पाहिलं. मग टायकडे पाहिलं, मग ट्रॅकपँटकडे. खरी मीटिंग कोणती आणि दाखवायची कोणती हे ओळखण्यात त्यांची उमर गेली होती. त्यांनी मागे जाऊन दार लोटलं, त्याला कपड्यांची टोपली लावली, आणि वैभवीची खुर्ची ओढून बसले.

"सांगा आता," ते म्हणाले. "सत्तेत कोण हाय?"

सुजयने कपाळावरचा घाम पुसत सगळी गोष्ट सांगितली. संपतराव डोळे मिटून ऐकत होते.

"म्हंजे राजा म्हातारा, वारस न्हाई, वजीर फुटलेला, सेनापती आत. आन् तुमच्याकडं किती मतं?"

"मतं नाहीत मामा. तलवार आहे."

"मग हरलाच की तुमी."

पडद्यावर वजीर वाट पाहत उभा होता. त्याने शिपायाला विचारलं होतं, 'तू काही पाहिलंस का?' खाली तीन उत्तरं होती. हो, सगळं पाहिलं. गप्प राहा. नाही, मी काहीच पाहिलं नाही.

"आता मी 'हो' म्हणणार," सुजय म्हणाला आणि त्याने टायची गाठ सारखी केली. "ही सोनेरी अक्षरं बघा मामा. मी इथवर एकदाही खोटं बोललेलो नाही. मी हो म्हटलं की वजीर फौज बोलावतो, मग शेवटची लढाई होते, आणि मग तो शेवट दिसतो. दोन महिने या क्षणासाठी थांबलोय."

"लढाई कोण जिंकतं?"

"ते माहीत नाही. तेच तर बघायचंय."

"आवं, निकाल ठाऊक नसताना निवडणूक लावता?" संपतराव खुर्चीतच उडाले. "दारात त्याची मानसं हुबी हायत. 'हो' म्हणाला तर जाग्याव गार करतील. आधी हितनं भायेर तर पडा, मग बघू!"

"मामा, तत्त्व म्हणून काही असतं की नाही?"

तेवढ्यात दारावर टकटक झाली. "सुजय," चेतनाचा अतिशय गोड, म्हणून अतिशय भयंकर आवाज आला, "जपानी लोकांना चहा हवाय का?"

सुजय दाराकडे वळून ओरडला, "नो सर! थँक यू सर! व्हेरी काइंड ऑफ यू सर!"

मागे फिरून पाहतो तो गेमचा रिमोट मामांच्या हातात.

"हे बटण दाबलं की झालं? मतदान यंत्रच की," संपतराव म्हणत होते. वजीर हसला. शिपाई सुजय मान खाली घालून म्हणाला होता, 'नाही, मी काहीच पाहिलं नाही.' आणि नावापुढची सोनेरी पदवी फुंकर मारलेल्या समईसारखी विझली. कोपऱ्यात 'नोंद झाली' अशी खूण चमकून गेली. परतीचा रस्ता बंद.

सुजयला रडू आलं. लाज वाटण्याइतकं खरं रडू आलं. दोन महिने सांभाळलेली एकुलती एक चांगली गोष्ट एका बोटाने गेली. बॉसने सगळ्यांदेखत झापलं तेव्हाही त्याला इतकं लागलं नव्हतं. तो उठला, टाय ओढून काढला आणि म्हणाला, "खेळा तुम्हीच."

"रागावू नगा जावईबापू, अजून डाव गेल्याला न्हाई—"

पण सुजय टोपली सरकवून बाहेर आला होता. "चला," तो म्हणाला. "पानिपत."

"आणि मीटिंग?" चेतनाने विचारलं. उदयसिंह फोल्डर छातीशी धरून उभे राहिले.

"मामा बघतायत."

"आमी बघतो हितलं!" आतून आवाज आला. "तुमी व्हा म्होरं! उदयसिंहजी, टेन्शन नहीं लेनेका!"

यावर हौसाबाईंनी लसूण बाजूला ठेवला, शाल घेतली आणि त्या सगळ्यांच्या आधी लिफ्टपाशी जाऊन उभ्या राहिल्या. नवरा पानिपतला येत नाही याचं त्यांना जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

हायवेवर अजून धुक्याचा पातळ पडदा होता. चेतना पुढे बसली होती आणि काही बोलत नव्हती. अब्रू काढायची सवड तिला अजून मिळाली नव्हती, मामी गाडीत होत्या. वैभवीने मुरथळच्या ढाब्यावर पराठे खाल्ले आणि विचारलं, "पापा, पानिपतमध्ये आपण जीते थे ना?" यावर चेतनाने तिच्या ताटात आणखी एक पराठा वाढला.

काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकापाशी, त्या दुपारी गर्दी नव्हती. संक्रांतीला येणारे जथे येऊन गेले होते, सुकलेल्या हारांचा ढीग कोपऱ्यात लोटलेला होता. कठड्याच्या आत विटांचा तो खांब उभा, आजूबाजूला कापलेली हिरवळ, आणि शांतता. हौसाबाईंनी चपला काढल्या. पदराच्या गाठीतून तिळगुळाचे दोन लाडू काढले, कठड्याशी ठेवले आणि हात जोडून उभ्या राहिल्या. बराच वेळ.

"आमच्या माहेरचा एक जण हितं आला, त्यो परत आला न्हाई," त्या शेवटी चेतनाला म्हणाल्या. "नाव बी कुणाला ठाऊक न्हाई. सर्वपित्रीला त्याच्या नावाचं एक पान जादा वाढत्यात, एवढंच. लहानपणी मी आईला इचारायची, ह्ये कुणाचं? आई म्हणायची, पानपताचं."

सुजय जरा बाजूला उभा होता. त्याचं दुःख अजून ओलं होतं. त्याने परीक्षितला मेसेज केला, 'माझी पदवी गेली. सांगून टाक आता, काय होतं त्या शेवटात?' उत्तर लगेच आलं. 'सगळे मरतात. राजा, सेनापती, सुजय, अख्खी फौज. शहर जळतं. पण काय म्युझिक आहे यार!'

सुजयने फोनवरून नजर वर केली. समोर तो खांब होता. त्याने मेसेज पुन्हा वाचला आणि फोन उलटा करून हातात धरला.

तो उलटा असतानाच वाजला.

"जावईबापू!" संपतरावांचा आवाज इतका मोठा होता की कठड्यावरचं कबूतर उडालं. "लढाई रद्द! बिनविरोध!"

"म्हणजे काय मामा?"

"म्हंजे सगळ्यांना बसवलं एका जाग्याव! वजिराला खजिन्याचं अध्यक्षपद दिलं. विष घालणारा मानूस खजिन्यात बरा, सैपाकघरापासनं लांब ऱ्हातो. सेनापतीला सोडवला, त्याला वजिराची पोरगी दिली. राजाला मार्गदर्शक केला. त्यो चेटकिणीचा गट नाराज व्हता, त्यांना जंगलाचं कंत्राट दिलं. एक मानूस मेला न्हाई! गेमवाल्यानं शेवटी लिवलंय, असा शेवट लई कमी लोकांना जमतो!"

"कमी लोकांना?" सुजयचा आवाज चिरकला. "आणि शिपाई? माझा सुजय?"

"त्याला पयल्यासारखा पहाऱ्याव ठेवलाय. सगळ्यांना पदं देऊन चालत न्हाई, कुणीतरी काम बी कराय पायजे. आन् हां, उदयसिंहांच्या भाच्याचं काम झालं म्हणून सांगून टाकलं. पेढे आणलेत त्यांनी."

"मामा! कसं झालं काम?"

"कुटं झालंय? सांगून टाकलं. उद्या तुमी बघा कायतरी."

फोन बंद झाला. हौसाबाई चपला घालून त्याच्यापाशी आल्या होत्या.

"काय म्हणत्यात?"

सुजयने फोन खिशात टाकला. सोनेरी अक्षरं गेलीच होती, आता निदान एकदा खरं बोलून बघावं असं त्याला वाटलं. जागाही तशी होती.

"मामी, मी तुमच्याशी खोटं बोललो. ऑडिट नव्हतं. जपानी कुणी नव्हतं. मी गेम खेळत होतो, आणि आता मामा खेळतायत."

"ठाऊक हाय की."

"ठाऊक आहे?"

"आवं, कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर आमच्या ह्यांच्या बी अशाच मीटिंगी असायच्या. दार लावून. आतनं 'ठराव मंजूर' म्हणून वरडायचं आन् पत्ते टाकायचं." हौसाबाईंनी शाल सारखी केली. "सकाळी तुमी आत शिव्या घातल्यावर हे सोफ्याव कप घिऊन नुसतं बघत व्हते. मीच डोळ्यानं खुणावलं, जावा आत. म्हटलं, एकदा आत गेलं की भायेर येत न्हाईत."

"पण का मामी?"

त्यांनी मागे वळून खांबाकडे पाहिलं. "ह्यांनी भाषण तयार केलं व्हतं. पाऊण तासाचं. गाडीत म्हणून दाखवत आले सगळं, सांगलीपासनं." त्या थांबल्या. "लग्न झाल्यापासनं पयल्यांदा मी कुटंतरी गेले आन् मला गप हुबं ऱ्हायला मिळालं."

चेतनाला हसू फुटलं. दिवसभर धरून ठेवलेला राग त्या हसण्यात बराचसा वाहून गेला, सगळा नाही. सुजयला मात्र कळेना की आपण हसावं की काय करावं. घरातल्या प्रत्येकाला आज हवा तेवढा वेळ मिळाला होता. मामांना राज्य मिळालं, मामींना शांतता मिळाली, उदयसिंहांना आशा मिळाली. वेळेच्या नियोजनावर व्याख्यानं देणाऱ्याला मिळाला तो हायवे, जाताना एकदा आणि आता येताना एकदा.

पार्किंगकडे जाताना हौसाबाई त्याच्या बरोबरीने चालू लागल्या. "जावईबापू, आमचं परतीचं तिकीट बुधवारचं हाय. ते म्होरं ढकलता येतंय का बघा."

"का मामी? बरं वाटत नाहीये का?"

"न्हाई, झ्याक वाटतंय. म्हणून तर." त्यांनी आवाज खाली आणला. "ह्यांच्यासाठी तसला दुसरा खेळ मिळंल का? पर ह्यो फारच आखूड निघाला, दुपारच्यातच संपला. जरा लांबडा बघा."

सुजयने गाडीच्या बॉनेटला टेकून फोन काढला. कॉलेज सोडल्यापासून ज्या यादीकडे त्याने पाहिलंही नव्हतं ती उघडली आणि खाली खाली सरकत गेला. अठरा संस्थानं, सात राजघराणी, चारशे पात्रं, प्रत्येकाचे रुसवे वेगळे.

"हा आहे एक," तो म्हणाला. "पण दोनशे तासांचा आहे मामी."

हौसाबाईंनी मनाशी हिशोब केला.

"बसतंय त्यात," त्या म्हणाल्या. "मथुरा, आग्रा, हरिद्वार, आन् जमलं तर वैष्णोदेवी. गाडी काय, तुमी चालवताच."